बेअरबोट घ्यावी की क्रूसकट यॉट? आठ जण, मे महिना, ग्रीस किंवा क्रोएशिया

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत एक आठवडा शिडाच्या बोटीवर काढायचं ठरतंय. नाशिकहून एकूण आठ जण: पाच मोठे, ९ आणि १२ वर्षांची दोन मुलं आणि ६८ वर्षांच्या आई. मोठ्यांपैकी एकाकडे आरवायए या ब्रिटिश संस्थेचं डे स्किपर (छोटी शिडाची बोट चालवण्याचं प्रमाणपत्र) आणि आयसीसी (आंतरराष्ट्रीय बोट-परवाना) आहे, दुसऱ्याचं कॉम्पिटंट क्रू (खलाशाचा प्राथमिक कोर्स) झालंय. मुंबईत डिंगी (छोटी शिडाची होडी) चालवायचा दोघांचाही सराव चांगला आहे. बाकीच्यांची मजल गंगापूर धरणावरच्या बोट क्लबापर्यंतच.

दिवाळीच्या सुट्टीचा विचार सोडला. तोवर तिकडचा हंगाम संपत आलेला किंवा संपलेला असतो. व्हिसा दोन्हीकडे शेंगेनच, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही.

प्रश्न असे. बेअरबोट (खलाशांशिवाय भाड्याने मिळणारी बोट), बेअरबोट अधिक स्किपर (बोट चालवणारा कप्तान) आणि पूर्ण क्रूची यॉट यांत खर्चाचा खरा फरक किती पडतो? एजंट म्हणतोय, "आयसीसी आहे ना, मग बिनधास्त बेअरबोट घ्या." डिंगीच्या अनुभवावर चाळीस फुटी बोट खरंच झेपते का? पहिल्याच खेपेला कुठलं पाणी बरं? आणि आमच्यात सहा जण शाकाहारी आहेत, आईंचे गुडघे दुखतात, त्या दृष्टीने काय बघावं?

अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

उत्तरवारा

गोदाकाठ, प्रश्न नीट मांडलात, म्हणून सविस्तरच लिहितो.

सुरुवात कराराच्या कागदापासून करा. बेअरबोटमध्ये आठवडाभर बोट तुमच्या ताब्यात असते आणि कागदोपत्री स्किपर तुमचाच माणूस असतो. कुठे नांगर टाकायचा, वारा वाढला तर निघायचं की थांबायचं, हे तो ठरवतो. तळ खडकाला घासला तर डिपॉझिटही तुमचंच जातं. पूर्ण क्रूच्या यॉटवर कॅप्टन मालकाचा नोकर असतो. बोट, विमा, डागडुजी ही त्याची जबाबदारी, आणि हवामानाबाबत शेवटचा शब्दही त्याचाच. मधला पर्याय म्हणजे बेअरबोट घेऊन तिच्यावर रोजाने स्किपर ठेवणे. इथे बहुतेकांचा समज चुकतो. स्किपर ठेवला तरी करार बेअरबोटचाच राहतो. डिपॉझिट तुमच्याच कार्डावर अडकतं आणि स्किपरच्या हातून बोटीला धक्का लागला तर ते कापलं जाईल की नाही, हे करारातल्या एका ओळीवर अवलंबून असतं. ती ओळ सही करण्याआधी शोधा. शिवाय स्किपर स्वयंपाक करत नाही, भांडी घासत नाही. त्याचं जेवण तुमच्याकडे असतं आणि झोपायची जागाही तुम्हीच द्यायची. चार केबिनच्या बोटीत आठ जण बसवलेत तर तो बैठकीतल्या बाकावर झोपेल, आणि रात्री पाणी प्यायला उठणारा प्रत्येक जण त्याला ओलांडून जाईल. ज्याच्या भरवशावर तुम्ही सगळे आहात त्याची झोप मोडणं बरं नाही. स्किपर घ्यायचा असेल तर पाच केबिनची बोट बघा, नाहीतर दोन माणसं कमी करा.

आता एजंटच्या "बिनधास्त"बद्दल. आयसीसी हा बंदरावर दाखवायचा परवाना आहे. ग्रीसमध्ये तो लागतोच, शिवाय दुसऱ्या एका जाणत्या माणसाने लेखी हमी द्यावी लागते. तुमचा कॉम्पिटंट क्रूवाला ती देऊ शकेल. क्रोएशियात परवाना तिथल्या सागरी मंत्रालयाच्या यादीतला असावा लागतो आणि व्हीएचएफ रेडिओचं प्रमाणपत्रही मागतात. डे स्किपरवाल्याने एसआरसी, म्हणजे हे रेडिओचं प्रमाणपत्र, केलं नसेल तर ते आत्ताच उरकून घ्या. आयसीसीवर शीड आणि किनारी पाणी या दोन्ही वर्गांची नोंद आहे का, मुदत संपलेली नाही ना, हेही तपासा. मुदत पाच वर्षांची असते.

पण कागद पुरे झाले म्हणजे माणसं पुरी झाली असं होत नाही. संध्याकाळी पाचला छोट्या ग्रीक बंदरात शिरताय, धक्क्यावर दोन बोटींमध्ये एकच फट उरली आहे आणि बाजूने १५ नॉट (ताशी सुमारे २८ किमी) वारा आहे. त्या दहा मिनिटांत सुकाणूवर एक, पुढे नांगरावर एक आणि मागे दोरांवर दोन अशी चार माणसं लागतात. प्रत्येकाला आपलं काम न सांगता कळायला हवं. तुमच्याकडे तशी माणसं दोन आहेत. तिसरा दोन दिवसांत तयार करता येईल, चौथा अवघड, कारण एका मोठ्या माणसाने मुलांपाशी आणि आईंपाशी थांबायला हवं. बेअरबोट झेपेल की नाही, हे या मोजणीवर ठरवा.

डिंगीचा अनुभव वाऱ्याच्या बाबतीत फार कामाचा आहे. शीड कधी आवळायचं, झोत येताना पाण्यावर कसा दिसतो, हे कोर्समध्ये इतकं मुरत नाही. पण डिंगीवर चूक झाली की तुम्ही पाण्यात पडता आणि पुन्हा चढता. इथे आठ-नऊ टनांची बोट एका नॉटच्या वेगाने जरी धक्क्याला लागली तरी फायबर फुटतं, आणि हाताने ती थांबवायला जाणाऱ्याचा हात चिरडतो. हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना, विशेषतः मुलांना, बजावून ठेवा: बोट आणि धक्का यांच्यामध्ये फेंडर (हवेची फुगीर उशी) घालायचा, हातपाय नाही. इंजिनवर बोट वळवणं हे डिंगीवाल्याला नवं असतं. उलट्या गिअरमध्ये पंखा बोटीचा मागचा भाग एका बाजूला ओढतो, बहुतेक बोटींत डावीकडे. वेग दीड-दोन नॉट झाल्याशिवाय सुकाणू ऐकतच नाही. नवखा माणूस घाबरून हळू मागे येतो, वारा पुढचं टोक आडवं करतो आणि सगळा बेत बिघडतो.

पाण्याबद्दल म्हणाल तर आयोनियन, म्हणजे ग्रीसच्या पश्चिमेचा समुद्र. लेफ्कादाहून निघालात तर मेगानिसी, इथाका, केफालोनिया ही बेटं ८ ते १५ सागरी मैलांच्या टप्प्यात येतात. सकाळी वारा जवळजवळ नसतो, दुपारी वायव्येकडून १०–१५ नॉट सुटतो, सूर्यास्ताला पडतो. पूर्वेच्या एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टला मेल्तेमी हा वारा ५ ते ७ ब्युफोर्ट, म्हणजे १७ ते ३३ नॉट, दिवसचे दिवस वाहतो. मे महिन्यात तो जोर नसतो, पण तिथले टप्पे लांब आणि उघडे. क्रोएशियाची बेटं सुंदर आणि मरीना (अशा बोटींसाठीची बंदरं) सोयीच्या, पण बुरा वारा डोंगरावरून अचानक उतरतो. तो मे महिन्यात क्वचित आला तरी पहिल्या खेपेला त्याच्याशी गाठ नको.

मे महिन्यात आयोनियनचं पाणी १८ ते २० अंशांच्या आसपास असतं. मुलांना पोहायचं असेल तर अंगभर रबरी सूट न्या.

---

हिशेबनीस

खर्चाचं मी लिहितो. पुढचे आकडे हिशेब कसा मांडायचा हे दाखवण्यापुरते धरले आहेत. तुमच्या तारखांचे भाव आले की तेच इथे घालून बघा.

समजा, चार केबिनची ४२ फुटी बेअरबोट आठवड्याला ४,००० युरो. त्यावर शेवटची साफसफाई आणि कागदपत्रं ३००, छोट्या रबरी बोटीचं इंजिन आणि चादरी-टॉवेल १५०. डिझेलला १७० धरा: दिवसाला तीन-साडेतीन तास इंजिन चालतं, तासाला साधारण ४ लिटर, म्हणजे आठवड्यात १०० लिटरच्या आसपास. दोन-तीन रात्री मरीनात काढल्यात तर २५०. एकूण ४,८७०, म्हणजे माणशी ६०९ युरो, जेवणखाण सोडून.

स्किपर रोज २०० युरोप्रमाणे सात दिवसांचे १,४००. एकूण ६,२७०, माणशी ७८४, शिवाय त्याचं जेवण. उत्तरवारा म्हणतात तशी पाच केबिनची बोट घेतलीत तर मूळ भाडंही वाढेल.

कॅप्टन आणि कूक असलेली क्रूची कॅटमरान (दोन तळांची बोट) समजा १२,००० युरोला मिळाली. यात एपीए वेगळा, साधारण २५ ते ३५ टक्के. एपीए म्हणजे तुमच्या खाण्यापिण्याचे, डिझेलचे आणि बंदराचे आगाऊ जमा केलेले पैसे. कॅप्टन त्यातून खर्च करतो, पावत्या ठेवतो आणि उरलेलं परत देतो. कमी पडलं तर वर मागतो. ३० टक्क्यांनी ३,६०० झाले. बक्षिसी १० टक्के, १,२००. एकूण १६,८००, माणशी २,१००. भावात व्हॅट धरलाय की वर लागणार, हा प्रश्न पहिल्याच ईमेलमध्ये विचारा. मोठ्या रकमेवर त्याने फार फरक पडतो.

थोडक्यात, स्किपरसाठी माणशी पावणेदोनशे युरो जास्त जातात आणि क्रूसाठी दीड हजार. त्यातल्या पावणेदोनशेंचा मोबदला पुरेपूर मिळतो, असं माझं मत.

डिपॉझिट हा वेगळाच विषय. या मापाच्या बोटीला २,००० ते ४,००० युरो क्रेडिट कार्डावर अडकवतात. आपल्याकडच्या कार्डांवर परदेशी व्यवहाराची मर्यादा बँकेच्या ॲपमध्ये वेगळी ठरवावी लागते. ती वाढवली नसेल तर शनिवारी संध्याकाळी मरीनाच्या ऑफिसात कार्ड नाकारलं जातं आणि नाशिकची शाखा तेव्हा बंद असते. कार्डावरचं नाव करारातल्या नावाशी जुळतंय हेही बघा. काहीशे युरो भरून डिपॉझिटचा विमा मिळतो, ते पैसे परत येत नाहीत. पहिल्या खेपेला तो घ्याच. मात्र पंख्यात दोर अडकणं, रबरी बोट किंवा तिचं इंजिन हरवणं, हे बऱ्याच विम्यांत धरलेलं नसतं.

---

शिडाचीदोरी

वरच्या दोघांशी सहमत. एक पर्याय राहिला: फ्लोटिला.

दहा-बारा बोटी एकत्र निघतात, प्रत्येक बोट बेअरबोटच असते, पण पुढे एक म्होरकी बोट असते. तिच्यावर अनुभवी स्किपर, इंजिनाचा माणूस आणि एक यजमान असतात. सकाळी हवामान आणि मार्ग समजावून सांगतात, तुम्ही दिवसभर आपापले फिरता, आणि संध्याकाळी पोचाल तेव्हा ते धक्क्यावर तुमचे दोर घ्यायला उभे असतात. उत्तरवारा यांनी जी दहा मिनिटं सांगितली, नेमकी तीच त्यांनी उचललेली असतात. आयोनियनमध्ये ही पद्धत चांगली रुळलेली आहे आणि मे महिन्यात बंदरं रिकामी असतात. तुमच्या दोन जाणत्या माणसांना सुकाणू हातात हवं असणार. रोजाचा स्किपर घेतला तर ते आठवडाभर बघेच राहतील.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. माणसं मोजायचा मुद्दा पटला, डे स्किपरवाल्याला तर जास्तच पटला.

आता कल फ्लोटिला किंवा पहिले दोन-तीन दिवस स्किपर, याकडे आहे. दोन शंका. ग्रीसमध्ये मागून धक्क्याला लावताना स्वतःचा नांगर टाकावा लागतो म्हणतात, ते पायरीपायरीने कुणी सांगेल का? आणि आईंसाठी कॅटमरान बरी की साधी एका तळाची?

---

उत्तरवारा

नांगराचं सांगतो. क्रोएशियाच्या मरीनांमध्ये तळाला बांधलेला दोर धक्क्यापाशी तयार असतो. तो आकड्याने उचलून पुढे नेऊन बांधला की झालं. फक्त तो पाण्यात सैल असताना इंजिन गिअरमध्ये नको, नाहीतर पंख्यात जातो. ग्रीसच्या छोट्या बंदरांत मात्र तुमचाच नांगर.

सगळी तयारी बंदराच्या बाहेर, मोकळ्या पाण्यात करायची. फेंडर दोन्ही बाजूंना, मागे एक मोठा. मागचे दोन्ही दोर क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला) बांधून, रेलिंगच्या बाहेरून घेऊन, गुंडाळून हातात. नांगर रोलरवरून थोडा खाली सोडलेला. विंडलासचा (नांगराची साखळी ओढणाऱ्या यंत्राचा) रिमोट चालतोय ना, ते दाबून बघायचं. मग एक फेरी मारून शेजारच्या बोटींच्या साखळ्या कुठल्या दिशेने गेल्यात ते बघायचं. त्यांच्यावर आपली टाकली की सकाळी दोघांची सुटका होईपर्यंत तास जातो.

धक्क्यापासून बोटीच्या लांबीच्या तीन ते चार पट अंतरावर, फटीच्या बरोबर समोर नांगर टाकायचा. १२ मीटरच्या बोटीला ४० मीटर धरा. नांगर तळाला लागल्याशिवाय साखळी सोडू नका, ढीग होतो. तळाला लागला की मागे सुरू, आणि साखळी बोटीच्या वेगाने सुटत राहिली पाहिजे. विंडलासची मोटर संथ असते. ती मागे पडली तर साखळी ताणली जाते, पुढचं टोक खेचलं जातं आणि नांगर रुतायच्या आत घसरतो. सर्वांत जास्त वेळा बिघडतं ते इथेच. उपाय म्हणजे क्लच सैल करून साखळी मोकळी सोडायची. पुढच्या माणसाने हे दोनदा तरी मोकळ्या खाडीत करून बघितलेलं असावं, बोटं साखळीपासून लांब ठेवून.

धक्का अर्ध्या बोटीवर आला की साखळी थांबवायची. नांगर धरत असेल तर पुढचं टोक सरळ होतं आणि बोट हळूच अडते. वाऱ्याकडचा मागचा दोर आधी धक्क्यावर, मग दुसरा. त्यानंतर इंजिन पुढच्या गिअरमध्ये हलकंच ठेवून साखळी आवळायची. शेवटी १,५०० फेऱ्यांवर मागे दाबून बघा. साखळी थरथरत सैल होत असेल तर नांगर धरलेला नाही. तेव्हा "चालेल" म्हणू नका. दोर सोडा, बाहेर जा, पुन्हा टाका. बंदरातले जुने लोकही दोनदा-तीनदा टाकतात आणि कुणी हसत नाही.

मोकळ्या खाडीत रात्र काढणार असाल तर हिशेब वेगळा. खोली ६ मीटर, अधिक पाण्यापासून बोटीच्या पुढच्या टोकाची उंची १ मीटर, झाले ७. त्याच्या पाचपट, म्हणजे ३५ मीटर साखळी. वारा वाढायचा अंदाज असेल तर सातपट, ४९. बहुतेक बोटींवर ५० ते ६० मीटर असते. साखळीवर रंगाच्या खुणा किती मीटरवर आहेत हे ताबा घेतानाच विचारून लिहून ठेवा. काही बोटींवर त्या पुसलेल्या असतात.

विंडलास वापरताना इंजिन चालूच ठेवा. मोटर ८०–१०० अँपिअर खेचते. नुसत्या बॅटरीवर ती दमते आणि ब्रेकर पडतो. तो ब्रेकर कुठल्या केबिनमध्ये, कुठल्या गादीखाली आहे, हे दोघांना तरी माहीत हवं.

---

कॉलेजरोडकरीण

आईंसाठी कॅटमरान. ती वाऱ्यात कलत नाही, स्वयंपाकघर आणि बैठक डेकच्या पातळीवर असते, जिना फक्त केबिनपुरता चार-पाच पायऱ्यांचा. एका तळाच्या बोटीत प्रत्येक वेळी पाच-सहा उभ्या पायऱ्या उतरायच्या आणि बोट २० अंश कललेली. दुखऱ्या गुडघ्यांना ते सोसणार नाही. दोन इंजिनं लांब-लांब असल्याने कॅटमरान जागच्या जागी वळते, हा तुमच्या स्किपरचाही फायदा. तोटे असे: भाडं बरंच जास्त, रुंदी सातेक मीटर असल्याने काही मरीना दीडपट-दुप्पट घेतात, आणि वाऱ्याच्या तोंडावर ती नीट चढत नाही. फ्लोटिलात कॅटमरान चालते का, हे आधी विचारा. सगळीकडे घेत नाहीत.

धक्क्यावर उतरायला मागे एक अरुंद फळी असते. तिला कठडा आहे का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. नसेल तर एकाने धक्क्यावर आणि एकाने बोटीवर उभं राहून हात द्यायचा. आईंनी बंदरातून बोट पूर्ण बांधून होईपर्यंत बैठकीतच बसावं.

संडास हा विषय कुणी बोलत नाही, पण आठवड्याचा विचका तिथूनच होतो. बोटीच्या संडासाची नळी जेमतेम दीड इंचाची. कागद, ओले पुसणे, सॅनिटरी पॅड काहीही आत टाकायचं नाही; कागदासाठी वेगळी पिशवी. हातपंप असेल तर दहा-पंधरा वेळा पूर्ण मारायचा, म्हणजे मैला नळीत अडकत नाही. आपल्याला पाण्याची सवय असते, म्हणून एक छोटा तांब्या किंवा हँडशॉवर सोबत असलेला बरा. मैल्याच्या टाकीची झडप बंदरात बंद, उघड्या समुद्रात उघडी. हे मुलांना पहिल्याच दिवशी हाताने करून दाखवा.

पाणी जपून. टाकी ४०० लिटरची धरली आणि आठ जणांनी दिवसाला २५ लिटरप्रमाणे वापरलं तर दोन दिवसांत खडखडाट. भांडी आधी समुद्राच्या पाण्याने विसळायची, गोडं पाणी शेवटचं. पिण्यासाठी माणशी २ लिटर धरून आठवड्याचे ११२ लिटर बाटलीबंद पाणी लागतं. एकदम भरू नका, निम्मं आधी आणि निम्मं वाटेत.

जेवणाचं. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, पनीर, श्रीखंड सगळं घरीच. ताजा कढीपत्ता, मिरच्या, लिंबंही नकोत. न्यायचं ते मसाले, मेतकूट, भाजणी, चिवडा, कोरड्या चटण्या. तांदूळ, मसूर, छोले, दही, भाज्या तिथल्या दुकानांत सहज मिळतात. ग्रीक खानावळीत शाकाहाऱ्यांची आबाळ होत नाही: फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, गिगांतेस म्हणजे टोमॅटोत शिजवलेल्या मोठ्या शेंगबिया, ब्रियाम म्हणजे भाजलेल्या भाज्या. पूर्ण क्रूच्या यॉटवर आवडीनिवडीचा फॉर्म आधी भरून घेतात. त्यात नुसतं शाकाहारी लिहू नका. मासे, अंडी, मांसाचा रस्सा यांतलं काय चालत नाही ते एकेक करून लिहा.

शेगडी दोन किंवा तीन बर्नरची, लहान. तीन लिटरचा कुकर घरून न्या, पाच लिटरचा ठेवायच्या चिमट्यात बसत नाही. गॅस वापरून झाला की बाटलीपाशी बंद करायचा, फक्त शेगडीवर नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर बोटीच्या तळाशी साचतो आणि तिथून वाऱ्याने जात नाही. बोट बांधलेली असतानाच शिजवा. चालत्या बोटीवर उकळतं पाणी नकोच.

बोट लागण्यावरच्या गोळ्या निघायच्या आदल्या रात्रीपासून घ्याव्या लागतात, उलटी सुरू झाल्यावर पोटात टिकत नाहीत. प्रोमेथाझिनने खूप झोप येते. सुकाणूवाल्याने ते घेऊ नये. मुलांचा डोस आणि आईंच्या इतर औषधांशी ते जमतं का, हे इथूनच डॉक्टरांना विचारून जा.

---

हिशेबनीस

प्रवासाचं एक जोडतो. ताबा शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास मिळतो आणि परत यायचं ते पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी. शुक्रवारची रात्र मरीनातच, शनिवारी सकाळी नऊपर्यंत बोट खाली. म्हणजे हातात खरे दिवस सहाच. लेफ्कादाला सगळ्यात जवळचा विमानतळ प्रेवेझाजवळचा अक्तिओ, अथेन्सहून गाडीने पाचेक तास. मुंबईहून शुक्रवारीच निघा. शनिवारचं विमान चुकलं तर स्किपरला ताबा घ्यायच्या वेळी पोचता येत नाही, आणि दमलेल्या माणसाने घाईत सही करणं सर्वांत महाग पडतं. शनिवारी निघायचंच नाही. सामान भरा, झोपा आणि रविवारी सकाळी निघा.

प्रवास विम्यात शिडाच्या बोटीवर स्वतः स्किपर असणं धरलंय का, ते वाचा. बऱ्याच पॉलिसींत ते वगळलेलं असतं.

---

शिडाचीदोरी

ताबा घ्यायला दोन तास द्या आणि सगळ्याचं व्हिडिओ चित्रण करा, तारखेसह. बाहेरून दोन्ही बाजू, रेलिंगचे खांब, सुकाणूचं पातं दिसेल तेवढं, रबरी बोटीचा तळ. जुना प्रत्येक ओरखडा यादीत लिहून त्यावर त्यांची सही घ्या.

मग इंजिन सुरू करून मागे एक्झॉस्टमधून पाणी उडतंय ना, हे बघा. उडत नसेल तर लगेच बंद. आतला पाणी खेचणारा रबरी इम्पेलर तुटलेला असतो किंवा पाण्याची झडप बंद असते. तळाच्या फळ्या उचलून कोरडं आहे का, ते पाहा. लाइफजॅकेट आठही अंगावर घालून बघा. मुलांच्या मापाचे आधी सांगितले नसतील तर मिळत नाहीत. रबरी बोटीचं इंजिन प्रत्यक्ष चालवून बघा, तिची सुरक्षा दोरी मनगटाला बांधायची सवय मुलांना तिथेच लावा.

मुख्य शीड डोलकाठीच्या आत गुंडाळणारं असेल तर ते तुमच्यासमोर पूर्ण उघडून आणि मिटून दाखवायला सांगा. अडकण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच: मिटताना दोर सैल सोडला, शीड आत ढिलं गुंडाळलं गेलं, सुरकुती पडली आणि पुढच्या वेळी ती फटीत अडकली. म्हणून मिटताना मागचा दोर थोडा ताणूनच ठेवायचा आणि बोट वाऱ्याच्या तोंडाशी. अडकलंच तर विंचवर (दोर आवळायच्या चक्रावर) जोर लावू नका, कापड फाटतं. पुन्हा थोडं आत घ्या, थोडं बाहेर, असं करत सुरकुती सोडवा.

आणि शीड लहान करणं १५–१८ नॉटलाच, वारा २० वर जायची वाट बघू नका. मुलं आणि आजी बरोबर असताना तर आधीच.

---

गोदाकाठ

हे सगळं छापून आठही जणांना देतोय. आयोनियन पक्कं. आज तीन ठिकाणी विचारणा पाठवली: आईंसाठी कॅटमरान, पहिले तीन दिवस स्किपर, डिपॉझिटच्या विम्यात काय धरलंय त्याची लेखी यादी, आणि स्किपरच्या हातून नुकसान झालं तर कोणाचं, ती ओळ. एका फ्लोटिलावाल्यालाही कॅटमरान घेता का म्हणून विचारलंय. व्हीएचएफच्या परीक्षेची तारीख डे स्किपरवाला या आठवड्यात घेतोय. ग्रीसमध्ये ते प्रमाणपत्र कुणी मागितलं नाही तरी रेडिओ कुणाला तरी वापरता यायलाच हवा, हे आता कळलं. भाव आले की इथेच टाकतो, हिशेबनीस यांनी एकदा नजर घालावी.

---

उत्तरवारा

स्किपर तीन दिवसांचा ठरवताना तो कुठल्या बंदरात उतरणार आणि त्याच्या परतीच्या फेरीचे पैसे कोण देणार, हेही त्याच ईमेलमध्ये घाला. आणि त्या तीन दिवसांत धक्क्याला बोट त्याने एकदाही लावायची नाही. सुकाणू तुमच्या माणसाच्या हातात, तो फक्त शेजारी उभा, असं पहिल्याच सकाळी सांगून ठेवा.